बेपत्ता बॉम्बरचा माग कसा काढावा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मारले गेले. युद्ध संपलं तेव्हा शाही हवाई दलाचे जगभरातले ४१,८८१ जण 'बेपत्ता, मृत समजले' या यादीत होते. हवाई दलाच्या शोध पथकांनी पुढची काही वर्षं गावोगाव फिरून, कबरी उघडून त्यांतल्या २३,८८१ जणांच्या कबरी निश्चित केल्या. ९,२८१ जण समुद्रात गेल्याची नोंद झाली. उरलेल्या ८,७१९ जणांचं काय झालं ते कळलं नाही. या उरलेल्यांविषयी आणि त्यांच्या विमानांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. गावच्या चर्चमध्ये एक फलक आहे. १९४३ मधलं एक लँकेस्टर बॉम्बर विमान, सात नावं आणि 'मोहिमेवरून परतले नाहीत' एवढाच मजकूर. मुलीच्या वर्गानं याचा शोध घ्यायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : कारण शोधायची घाई करू नका. आधी चार गोष्टी पक्क्या करा : विमानाचा सिरियल क्रमांक, स्क्वाड्रन, मोहिमेची रात्र आणि प्रत्येकाचा सेवा क्रमांक. यातली एक जरी चुकली तरी पुढचे सगळे कागद भलत्याच विमानाचे हाती येतात आणि ते बरेच दिवस लक्षातही येत नाही.

सेवा क्रमांक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. नुसत्या नावावर विसंबू नका. एकाच आद्याक्षरांचे कितीतरी स्मिथ आणि जोन्स निघतात. प्रत्येकाची नोंद उघडून त्याची कबर किंवा स्मारक कुठे आहे ते वहीत ओळीनं लिहून काढा. या एका रकान्यातून खूप कळतं. सातही जण परदेशातल्या एकाच दफनभूमीत शेजारी शेजारी असतील तर विमान जमिनीवर पडलं आणि कुणीतरी त्यांना पुरलं. सातही नावं लंडनजवळच्या रनिमीड स्मारकावर असतील तर विमान समुद्रात गेल्याची शक्यता मोठी. या स्मारकावर कबर नसलेल्या वीस हजारांहून अधिक वायुसैनिकांची नावं आहेत. ती वर्ष आणि हुद्द्यानुसार कोरलेली असल्यामुळे एकाच विमानातली माणसं तिथे एकमेकांच्या शेजारी सापडत नाहीत.

काही जण कबरीत आणि काही स्मारकावर असतील तर नीट थांबून पाहा. १२-१३ जून १९४३ च्या रात्री जर्मनीतल्या बोखुमवर गेलेलं लँकेस्टर ईडी ६०३ असंच होतं. सातांपैकी चौघांचे मृतदेह किनाऱ्याला लागले, तिघे मिळालेच नाहीत. विमान नेदरलँड्समधल्या आयसलमेर सरोवराच्या तळाशी होतं आणि २०२३ मध्ये ते वर काढण्यात आलं. अशा वेळी मृतदेह कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाले याची स्वतंत्र यादी करा. विमान कुठे पडलं असेल त्याचा तो पहिला नकाशा. मात्र मृतदेह पाण्यात कित्येक आठवडे राहू शकतात आणि प्रवाहाबरोबर फार दूर जातात, म्हणून मिळाल्याची जागा म्हणजे पडल्याची जागा असं धरू नका.

यानंतर लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळा. 'एअर २७' या मालिकेत स्क्वाड्रनच्या मोहीम-नोंदवह्या आहेत आणि त्या संगणकावर उतरवून घेता येतात. त्यात दोन प्रकारचे फॉर्म दिसतील. फॉर्म ५४० ही स्क्वाड्रनची रोजनिशी : हवामान, बदल्या, त्या दिवसाचा सारांश. फॉर्म ५४१ वर एकेका विमानाची ओळ असते : विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कर्मचारी, काम, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, तपशील. तुमच्या विमानासमोर उतरण्याची वेळ कोरी असेल आणि तपशिलात 'उड्डाणानंतर काहीही ऐकू आलं नाही' अशा अर्थाची एक ओळ. ती वाचून पान मिटू नका. त्या रात्रीची त्या स्क्वाड्रनची सगळी पानं उतरवून घ्या. त्यांचा उपयोग पुढच्या उत्तरात येईल.

इथे तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला तारखेचा. विमान संध्याकाळी उडालं आणि मध्यरात्रीनंतर पडलं, तर नोंदवहीत आदल्या दिवसाची आणि कबरीवर दुसऱ्या दिवसाची तारीख सापडते. म्हणून नेहमी '१२-१३ जूनची रात्र' असं लिहायची सवय लावा. दुसरा अक्षराचा. विमानाच्या अंगावर स्क्वाड्रनची दोन अक्षरं आणि त्याचं स्वतःचं एक अक्षर रंगवलेलं असे. एक विमान गेलं की तेच अक्षर नव्या विमानाला मिळे. आठवणींमध्ये सापडणारं 'आर फॉर रॉबर्ट' त्यामुळे एका वर्षात तीन वेगवेगळी विमानं असू शकतात. सिरियल क्रमांक मात्र बदलत नाही. तिसरा घोटाळा माणसांच्या संख्येचा. लँकेस्टरवर सात जण असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर (मार्ग काढणारा), बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा), वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर (मशीनगन चालवणारे). आठवं नाव दिसलं तर ती चूक समजून खोडू नका. नव्या वैमानिकाला अनुभवासाठी सोबत पाठवत; आणि १०१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये शत्रूचे रेडिओ संदेश बुजवणारा खास ऑपरेटर आठवा असे.

विमानाचं आयुष्य फॉर्म ७८ वर मिळतं : कारखान्यातून कधी निघालं, कुठल्या तुकडीकडे गेलं, कधी यादीतून कमी झालं. अपघात असेल तर फॉर्म ११८० हे कार्ड असतं. दोन्ही लंडनमधल्या हेंडनच्या शाही हवाई दल संग्रहालयाकडे विचारावीत.

सगळ्यात मोलाची मालिका 'एअर ८१'. हवाई मंत्रालयाच्या हताहत विभागानं प्रत्येक घटनेची फाइल ठेवली होती. त्यात घरच्यांना गेलेल्या तारा, त्यांची उत्तरं, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसमार्फत जर्मनांकडून आलेल्या मृतांच्या याद्या आणि युद्धानंतरच्या शोध पथकाचा अहवाल असू शकतो. या फाइली युद्धाच्या सुरुवातीच्या काळापासून टप्प्याटप्प्यानं खुल्या होत आल्या आहेत, त्यामुळे तुमच्या तारखेची फाइल आली आहे का ते अधूनमधून पाहत राहावं लागतं.

आणि सातांत एखादा ऑस्ट्रेलियन किंवा कॅनेडियन असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या 'ए ७०५' मालिकेत त्यांच्या वायुसैनिकांच्या हताहत-फाइली आहेत, बऱ्याचशा संगणकावर पानन् पान पाहता येतात. कॅनडानं युद्धात मरण पावलेल्यांच्या सेवा-फाइली खुल्या केल्या आहेत. फाइल एका माणसाच्या नावाची असली तरी शोध पथकाचा अहवाल सगळ्या विमानाविषयी असतो. ब्रिटिश फाइल हाती नसताना तोच अहवाल या वाटेनं मिळून जातो.

प्रश्न : मी एका हॅलिफॅक्स बॉम्बर विमानाचा अभ्यास करतो आहे. नोंदवहीत 'संपर्क नाही' याखेरीज काही नाही, सगळे रनिमीडवर. इतक्या वर्षांनी कारण कळणं खरंच शक्य आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पुष्कळदा शक्य असतं, पण त्यासाठी परतलेल्या विमानांचे कागद वाचावे लागतात. बहुतेक नवे अभ्यासक आपल्याच विमानाच्या फाइलीत अडकून पडतात आणि तिथे काही मिळालं नाही की तर्क लढवायला लागतात.

त्या रात्री त्याच लक्ष्यावर गेलेल्या सगळ्या स्क्वाड्रनच्या फॉर्म ५४१ मधून एक तक्ता करा. 'अमुक वाजता, अमुक उंचीवर, अमुक ठिकाणी एक विमान पेटून खाली जाताना दिसलं' अशा नोंदी वेगळ्या काढा. विमान पडताना दिसलं की वेळ आणि जागा टिपून ठेवायची आणि परतल्यावर सांगायची, अशी पद्धतच होती. बॉम्बर कमांडची 'एअर १४' ही मालिका यासोबत पाहा, तिथे रात्रीच्या मोहिमांचे एकत्रित अहवाल आणि नुकसानीचं विश्लेषण आहे. मग मोठा नकाशा घ्या. ठरलेला मार्ग, वळणं आणि प्रत्येक वळणाची वेळ त्यावर मांडा. त्या रात्री पडलेली जी विमानं कुठे पडली ते पक्कं माहीत आहे, ती एका रंगानं भरा. ज्या नोंदी कुठल्याच माहीत विमानाशी जुळत नाहीत त्यांतली एक तुमची असू शकते.

आता जर्मन बाजू. रात्रीच्या लढाऊ वैमानिकांच्या दाव्यांच्या याद्यांत वेळ, उंची आणि नकाशाचा चौकोन दिलेला असतो. धोका असा की एकच दावा तीन अभ्यासक तीन वेगळ्या विमानांना चिकटवतात. म्हणून दावा जुळवताना त्या रात्रीच्या सगळ्या दाव्यांचा आणि सगळ्या नुकसानीचा हिशोब एकत्र बसतो का ते पाहा. समुद्रावर गेलेल्या विमानाच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या विमानवेधी तोफांचे दावेही हिशोबात धरा.

'हल्ल्याची एकही नोंद नाही, म्हणजे यंत्र बिघडलं असणार' हा युक्तिवाद फार वेळा वाचायला मिळतो आणि तो चुकीचा आहे. १९४३ च्या उत्तरार्धापासून जर्मन लढाऊ विमानांवर वरच्या दिशेनं तिरक्या रोखलेल्या तोफा बसवायला लागले. ते विमान बॉम्बरच्या पोटाखाली येई आणि पंखातल्या इंधन टाक्यांवर मारा करी. गोळ्या चमकणाऱ्या नसत. बॉम्बरच्या गनरला खाली काही दिसत नसे, आणि संदेश पाठवायला वायरलेस ऑपरेटरला वेळच मिळत नसे. शांतता हा बिघाडाचा पुरावा होऊ शकत नाही.

वाऱ्याचाही विचार करा. २४-२५ मार्च १९४४ च्या बर्लिन मोहिमेत उत्तरेकडून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाचे वारे मिळाले, अंदाजात ते इतके जोरदार नव्हते. विमानं दक्षिणेला ढकलली गेली, परतताना कित्येक थेट जर्मनीतल्या रूर या औद्योगिक भागातल्या विमानवेधी तोफांवर गेली आणि ७२ विमानं परतली नाहीत. त्या रात्रीचं हरवलेलं विमान ठरलेल्या मार्गावर शोधणारा माणूस चुकीच्या प्रांतात शोधत असतो. म्हणून परतलेल्या नॅव्हिगेटरांनी वारा किती नोंदवला ते आधी पाहा आणि मार्गाच्या रेषेऐवजी रुंद पट्टा आखा.

इंधनाचं गणित शेवटची मर्यादा ठरवतं. लँकेस्टरच्या टाक्या पूर्ण भरल्या तर २,१५४ गॅलन मावत आणि ताशी साधारण २०० गॅलन जळत. म्हणजे दहा-साडेदहा तास. त्या रात्री प्रत्यक्ष किती इंधन भरलं होतं त्यावरून तुमच्या हॅलिफॅक्सचा असाच हिशोब करा. त्यानंतरच्या वेळेची कुठलीही 'दिसल्याची' नोंद बाद.

हॅलिफॅक्सच्या बाबतीत एक जास्तीची चौकशी करा : विमान कोणत्या मार्कचं, म्हणजे कोणत्या आवृत्तीचं होतं? सुरुवातीच्या मार्कना त्रिकोणी शेपटी होती. एका बाजूची इंजिनं बंद पडली किंवा विमान फार तिरकं घसरलं तर रडर, म्हणजे शेपटीवरचं वळवण्याचं सुकाणू, एका बाजूला अडकून बसे आणि वैमानिकाच्या ताकदीनं परत येत नसे. पुढे मोठी, चौकोनी शेपटी बसवली आणि हा दोष गेला. अर्थात मार्क जुना होता म्हणून कारण हेच, असं लिहिता येणार नाही. निष्कर्षासमोर 'सिद्ध', 'संभाव्य', 'शक्य' किंवा 'अज्ञात' यांपैकी एक शब्द लिहा आणि त्याचा आधार कुठला कागद ते तिथेच नोंदवा. 'अज्ञात' लिहिण्यात काही कमीपणा नाही. घरच्या लोकांना खोट्या निश्चिंतीपेक्षा तेच बरं वाटतं.

प्रश्न : माझे आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत खरगपूरला होते. त्यांच्या वहीत शके १८६६ च्या आषाढ वद्यात लिहिलेलं आहे की रात्री गेलेल्या मोठ्या विमानांपैकी एक सकाळपर्यंत आलं नाही. हे कोणतं विमान असेल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आधी तारीख. शके १८६६ म्हणजे १९४४-४५. आपल्या अमान्त (अमावास्येला महिना संपणाऱ्या) पंचांगाप्रमाणे आषाढ वद्य जुलै १९४४ च्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. वही मराठी असल्यानं अमान्तच धरावं. पण आजोबांनी तिथे मिळणारं उत्तरेकडचं पौर्णिमान्त (पौर्णिमेला महिना संपणारं) पंचांग वापरलं असेल, तर 'आषाढ वद्य' एक महिना आधीचा, जूनमधला ठरेल. वहीतला एखादा सण किंवा पगाराचा दिवस पाहून हे तपासता येईल.

आता विमान कोणाचं? खरगपूरच्या आसपास तेव्हा दोन वेगळी दलं होती. खरगपूर-आद्रा मार्गावरच्या सालबनीला ब्रिटिशांची ३५५ आणि ३५६ क्रमांकाची लिबरेटर बॉम्बरची स्क्वाड्रन, आणि डिगरीला १५९. तर चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी, कलाईकुंडा या तळांवर अमेरिकनांची बी-२९ बॉम्बर विमानं होती आणि त्यांचं मुख्यालय खरगपुरातच. बी-२९ ची जगातली पहिली लढाऊ मोहीम याच तळांवरून, ५ जून १९४४ ला बँकॉकवर गेली. ९८ विमानं उडाली होती.  दोन्ही विमानं चार इंजिनांची. बी-२९ आकारानं बरंच मोठं, आणि लिबरेटरला मागे दोन उभ्या शेपट्या. आजोबांनी असं काही वर्णन केलं आहे का ते पाहा.

लिबरेटर असेल तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत्यूची तारीख, 'हवाई दल' आणि 'सिंगापूर मेमोरियल' असं निवडून एकेका दिवसाचा शोध घ्या. या भागात बेपत्ता झालेल्या वायुसैनिकांची नावं सिंगापूरमधल्या क्रांजीच्या या स्मारकावर आहेत. एकाच तारखेला सात-आठ नावं निघाली आणि त्यांत एकाच स्क्वाड्रनचा उल्लेख असेल तर तो तुमचा पहिला उमेदवार. मग त्या स्क्वाड्रनची नोंदवही. बी-२९ असेल तर अमेरिकन 'मिसिंग एअर क्रू रिपोर्ट' पाहायचा. त्याविषयी पुढच्या उत्तरात.

घड्याळाकडे मात्र बारकाईनं पाहा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची प्रमाणवेळ एक तास पुढे होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. जपानी नोंदी टोकियोच्या वेळेत, नऊ तास पुढे. ब्रह्मदेशावर रात्री अकराला पडलेलं विमान जपानी कागदात दुसऱ्या तारखेच्या दीड वाजता दिसेल. एवढ्यावरून दोन्ही बाजूंचे कागद 'जुळत नाहीत' म्हणून सोडून दिले जातात. नोंदवहीतली वेळ स्थानिक आहे की ग्रीनिचची याचा संशय आला तर एखाद्या 'सूर्यास्ताला उड्डाण' अशा नोंदीशी ताडून पाहा, लगेच कळतं.

जुलै म्हणजे ऐन पावसाळा. या तळांवरून बँकॉकपर्यंत जाऊन येऊन दोन हजार मैलांहून अधिक अंतर होतं आणि वाटेत बंगालचा उपसागर. तिथल्या ढगांच्या उभ्या भिंतींत विमान मोडून पडलं तर शत्रूच्या कागदात काहीच सापडणार नाही. म्हणून हवामानाच्या नोंदी, म्हणजे त्या रात्री परतलेल्यांनी कुठल्या अंशावर वळसा घेतला ते, सर्वांत आधी टिपा.

प्रश्न : अरुणाचलात ट्रेकला गेलो असताना जंगलात विमानाचे अवशेष पाहिले. एका तुकड्यावर ३२ पासून सुरू होणारा क्रमांक होता. सोबत फोटो आहे. हे बॉम्बर असेल का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : असू शकेल. बी-२४ लिबरेटर बनवणाऱ्या कन्सॉलिडेटेड कंपनीचं हे ३२ क्रमांकाचं मॉडेल, त्यामुळे त्याच्या सुट्या भागांचे क्रमांक ३२ पासून सुरू होतात. पण तो भागाचा क्रमांक आहे, विमानाचा नव्हे. हजारो विमानांवर तोच असतो. शिवाय मालवाहू सी-८७ आणि इंधनवाहू सी-१०९ ही याच विमानाची रूपं होती.

तुमच्या फोटोतलं इंजिन नीट पाहा. सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा, एकूण १४, म्हणजे आर-१८३० इंजिन. नऊ-नऊ असे १८ असते तर ते बहुधा सी-४६ मालवाहू विमान ठरलं असतं. पण १४ सिलिंडर दिसले म्हणून थांबू नका, कारण सी-४७ डकोटालाही हेच इंजिन. फरक टर्बोसुपरचार्जरचा, म्हणजे उंचावर इंजिनाला जास्त हवा पुरवणाऱ्या यंत्राचा. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनामागे, खालच्या अंगाला, ताटाएवढी गोल जाड पोलादी चकती आणि तिच्याभोवती गोगलगाईसारखा वळलेला पाइप असतो. डकोटाला तो नसतो. पोलादी असल्यामुळे जंगलातही तो टिकतो. मशीनगनची नळी किंवा गन-मनोऱ्याचं दातेरी कडं मिळालं तर बॉम्बरकडे पारडं झुकतं.

फोटो घेताना आधी संपूर्ण अवशेष, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवा. ठशांचे क्रमांक तिरप्या उजेडात वाचता येतात. माती पाणी आणि मऊ ब्रशनं काढा, तारेचा ब्रश लावला तर अॅल्युमिनियमवरचा ठसा कायमचा जातो. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तर उत्तम प्रत मिळते. इंजिनावरची माहितीची पट्टी आणि मशीनगनवरचा क्रमांक हे सर्वांत महत्त्वाचे, कारण १९४३ च्या मध्यापासूनच्या अमेरिकन 'मिसिंग एअर क्रू रिपोर्ट'मध्ये विमानाच्या क्रमांकाबरोबर चारही इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांक लिहिलेले असतात. विमान बेपत्ता ठरल्यापासून ४८ तासांत हा अहवाल भरायचा असे. उड्डाणाचं ठिकाण, हवामान, शेवटचं कुठे दिसलं, कोणी पाहिलं हेही त्यात असतं. शेपटीवरचा क्रमांक वाचता आला तर लक्षात ठेवा की वर्षाचा पहिला अंक तिथे गाळलेला असे : ४२-७३३०८ हे विमान शेपटीवर २७३३०८ दिसे.

हाच क्रमांक उदाहरणाला घेतला त्याला कारण आहे. 'हॉट ॲज हेल' नावाचं हे बी-२४ विमान २५ जानेवारी १९४४ ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चाबुआकडे आठ जणांना घेऊन निघालं आणि पोचलं नाही. खराब हवामानात त्या एकाच दिवशी पाच बी-२४ हरवली. अवशेष २००६ मध्ये अरुणाचलातल्या डामरोजवळ सापडले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पथकानं २०१५ मध्ये तिथे काम केलं, २०१६ मध्ये दिल्लीहून अवशेष मायदेशी गेले आणि २०१७ मध्ये डीएनए तपासणीच्या मदतीनं एका अधिकाऱ्याची ओळख पटून त्याच्या गावी अंत्यसंस्कार झाला. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, एकाच प्रकारची पाच विमानं. क्रमांकाशिवाय केवळ जागेवरून ओळख सांगणं किती धोक्याचं आहे ते यावरून दिसतं.

तिथून काहीही उचलू नका. बॉम्ब आणि काडतुसं अजून जिवंत असू शकतात, आणि हाडं असतील तर ती कोणाजवळ, कोणत्या थरात होती हीच तर ओळख पटवण्याची खूण. अक्षांश-रेखांश दशांश अंशात लिहून जिल्ह्याच्या उपायुक्तांना आणि अमेरिकी दूतावासाला कळवा. हाडं किंवा ओळखीच्या वस्तू दिसल्या असतील तर जागेचा फोटो आणि ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. पासीघाटला २०२३ मध्ये सुरू झालेलं हम्प (म्हणजे हिमालयावरून चीनला जाणारा युद्धकाळातला हवाई मार्ग) संग्रहालय जरूर पाहा, तिथे असे भाग हाताच्या अंतरावर बघायला मिळतात.

प्रश्न : खडकीच्या युद्धस्मारकात वायुसैनिकांच्या कबरी पाहिल्या. हे ब्रह्मदेशात पडलेल्या बॉम्बरवरचे असतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सहसा नाही. खडकीची दफनभूमी पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची देखभाल पुढे होईल याची खात्री नव्हती, त्या एकत्र आणण्यासाठी केली; दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत. तिथले वायुसैनिक बहुतेक आजारपणात किंवा या भागातल्या अपघातांत गेलेले. ब्रह्मदेशातल्यांसाठी यांगूनजवळची ताउक्यान दफनभूमी पाहावी. तरी एकाच तारखेच्या तीन-चार कबरी शेजारी दिसल्या तर फॉर्म ११८० जरूर मागवा, तो एखादा अपघात असतो.

प्रश्न : इंटरनेटवरच्या याद्यांत पडल्याची जागा आणि कारण दिलेलं असतं. ते ग्राह्य धरावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लिंकनच्या आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राची नुकसान-सूची आणि डच अभ्यासकांची नोंद-सूची ही दोन्ही साधनं काळजीपूर्वक केलेली आहेत आणि सतत दुरुस्त होत असतात. सुरुवातीला त्यांचाच आधार घ्या. पण जागा कुठल्या पुराव्यावर ठरली ते पाहिल्याशिवाय पुढे लिहू नका. नेदरलँड्सच्या मार्करमेर सरोवरात २००८ मध्ये एका स्टर्लिंग बॉम्बरचा भाग वर आला. ते आधी बीके ७१० समजलं गेलं होतं. पुढे तिथून एक सिगारेट केस मिळाली, तिच्यावर जे. एम. सी. ही आद्याक्षरं होती. ती बीके ७१६ वरच्या गनरशी जुळली. २९ मार्च १९४३ ला बर्लिनसाठी निघालेलं २१८ स्क्वाड्रनचं विमान. २०२० मध्ये ते बाहेर काढलं. दोन क्रमांकांत शेवटच्या आकड्याचाच फरक, आणि चौदा घरांचं त्याच्याशी नातं. डच सरकारनं असे मानवी अवशेष मिळण्याची शक्यता असलेली ३० ते ५० पडलेली विमानं काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे, त्यामुळे या याद्यांत अजून बरेच बदल होतील.

प्रश्न : एका 'अज्ञात वायुसैनिका'ची कबर नेमकी कोणाची ते सिद्ध करता येईल असं वाटतं. कबरीवर नाव कसं लागतं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : प्रकरण लेखी तयार करून वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे पाठवायचं. ते आधी कोणी सादर केलं आहे का हे तपासलं जातं. मग ब्रिटिश वायुसैनिक असेल तर संरक्षण मंत्रालयाचं हताहत केंद्र निर्णय देतं. 'स्पष्ट आणि पटण्याजोगा पुरावा' ही कसोटी आहे. कबर उघडून डीएनए घेतला जाईल या आशेवर राहू नका, तसं करत नाहीत. सगळं कागदावर सिद्ध व्हावं लागतं.

अशा प्रकरणाचा कणा म्हणजे वगळण्याची यादी. त्या काळात, त्या भागात बेपत्ता झालेला, त्याच हुद्द्याचा, त्याच दलाचा प्रत्येक माणूस लिहायचा आणि तो का असू शकत नाही ते एकेका कागदानिशी दाखवायचं. शोध पथकाच्या अहवालात कबरीतल्या गणवेशाचा रंग, हुद्द्याची पट्टी, बुटाचं माप, कॉलरवरची धोब्याची खूण अशा नोंदी असतात. गळ्यातल्या ओळखीच्या चकत्या फायबरच्या असल्यामुळे ओल्या मातीत त्या कुजल्या, म्हणून याच खुणांना महत्त्व. गनरचं चिन्ह असलेली कबर नॅव्हिगेटरची ठरवणारे अर्ज इथेच फेटाळले जातात.

यादीत एक जरी दुसरा उमेदवार शिल्लक राहिला तर अर्ज थांबवा आणि आधी त्याची फाइल मिळवा. कुटुंबाला कळवायचं ते निकाल लागल्यावर. दोन उमेदवारांची दोन घरं असतात आणि दोघांनाही आधीच आशा लावणं योग्य नाही. अर्जाला नेहमी प्रतीच जोडा. मूळ पत्रं आणि छायाचित्रं ज्यांची आहेत त्यांच्याकडेच राहू द्या.